आठ खिडक्या, उघडणार एकच: जंगलातल्या टॅग रीडरचं एक प्रकरण

सकाळी ऑफिसच्या दाराशी पंच कार्ड टेकवलं की ‘टिं’ वाजतं आणि दार उघडतं. कधी कधी नाही वाजत. मग पाकिटातून काढून टेकवा, उलटं करून टेकवा, मागे रांग लागलेली, शेवटी वॉचमन आतून दार उघडतो आणि त्या दिवशीची हजेरी काही लागत नाही. महिन्याच्या शेवटी एचआरला मेल टाकायचा की मॅडम मी आलो होतो हो, मशीननेच घेतलं नाही. माणूस निदान मेल तरी करतो. आता तेच कार्ड अकरा ग्रॅमच्या पाखराच्या पायात आहे, ऑफिसच्या दाराऐवजी दाण्याची खिडकी आहे, आणि मशीनने घेतलं नाही तर त्या पाखराच्या नावावर ‘स्मरणशक्ती कमी’ अशी नोंद पडणार आहे असं समजा. ते कोणाला मेल टाकणार?

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला माणूस, पक्ष्यांतलं मला चिमणी, कावळा, साळुंकी याच्या पुढे फारसं कळत नाही, त्यामुळे हे प्रकरण मी पाखरांपेक्षा रीडरच्या, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, बाजूने सांगणार आहे. पण आधी जागा आणि पाखरू दोन्ही नीट समजून घेऊ, नाहीतर सर्किट कशासाठी हेच कळायचं नाही.

जागा म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅजहेन एक्सपेरिमेंटल फॉरेस्ट. सिएरा नेवाडा डोंगररांग, ट्रकी गावाजवळ, टाहो तलावाच्या उत्तरेला. रीनोच्या नेवाडा विद्यापीठातले व्लादिमीर प्रावोसुदोव आणि त्यांचे विद्यार्थी तिथे माउंटन चिकडी नावाच्या पक्ष्यावर वर्षानुवर्षं काम करतायत. आपल्याकडे राखी वल्गुली दिसते ना, त्याच कुळातलं हे. वजन किती, तर दहा रुपयाचं एक नाणं आणि एक रुपयाचं एक नाणं तळहातावर ठेवा, झालं. एकाच डोंगरावर या पक्ष्याच्या दोन वस्त्या अभ्यासात घेतल्यात, एक साधारण २४०० मीटरवर आणि एक साधारण १९०० मीटरवर. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्यांची ‘खालची’ वस्तीसुद्धा आपल्या सगळ्यात उंच शिखराच्या वर. बर्फ कसा पडतो याचा अंदाज म्हणून सांगतो, जवळच्याच डॉनर पासच्या बर्फ प्रयोगशाळेत २०२२-२३ च्या मोसमात एकूण ७५० इंचांच्या वर बर्फ मोजला गेला. म्हणजे साठ फुटांहून जास्त. एका वेळी साठ फूट साचला असं नाही, पण मोसमभरात पडला तेवढा.

अशा ठिकाणी हे पाखरू स्थलांतर करत नाही. ते पावसाळ्याआधी आपल्या आज्ज्या करायच्या तशी बेगमी करतं, फक्त कोठीत एका जागी नाही, तर एकेक दाणा वेगवेगळ्या ठिकाणी, झाडाच्या सालीच्या फटीत, सुईसारख्या पानांच्या झुपक्यात, दगडफुलाखाली, असे हजारो दाणे. आणि मग थंडीत ते शोधून काढायचे. विसरलं की उपाशी. वर थंडी जास्त आणि लांब, म्हणजे वरच्या पाखरांना जागा लक्षात ठेवणं जास्त गरजेचं असणार, हा प्रावोसुदोव मंडळींचा मूळ अंदाज. २०१२ मध्ये त्यांनी पक्षी पकडून प्रयोगशाळेत आणून तपासले तेव्हा वरच्यांची स्मरणशक्ती चांगली निघाली आणि मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे जागा लक्षात ठेवणारा भाग, तोही मोठा निघाला.

पण प्रयोगशाळेत आणलेलं पाखरू पुढे जंगलात किती जगलं असतं हे कधीच कळत नाही. खरा प्रश्न तोच होता, की ज्याची स्मरणशक्ती चांगली ते खरंच जास्त जगतं का. त्यासाठी परीक्षा जंगलातच घ्यायला हवी, पाखरू न हलवता, आणि परीक्षा देणारं नेमकं कोण हे दर वेळी ओळखायला हवं. दुर्बीण लावून पायातल्या रंगीत कड्या वाचायच्या म्हटलं तर बर्फात बसून माणूस दिवसाला किती वाचणार आणि आठ फीडरांवर, म्हणजे दाणे ठेवलेल्या खोक्यांवर, एकाच वेळी कसा वाचणार. कॅमेरे लावले तर फुटेज बघायला पुन्हा माणसंच लागतात. म्हणून टॅग आणि रीडर.

आता इथून माझा प्रांत.

टॅग म्हणजे काचेच्या छोट्या नळीत एक चिप आणि तिच्याभोवती केसासारख्या तारेची गुंडाळी. वजन एक दशांश ग्रॅमच्या आसपास. चिकडीच्या बाबतीत तो प्लॅस्टिकच्या कडीतच बसवलेला असतो आणि कडी पायात. म्हणजे अकरा-बारा ग्रॅमच्या पाखरावर जेमतेम एक टक्का ओझं. बॅटरी नसते, त्यामुळे पाखरू जगेल तोवर टॅग चालतो, आणि या कामात तीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. जीपीएसवाला टॅग एवढ्याशा पाखराला झेपतच नाही. बरेच जण विचारतात की फास्टॅगसारखं का, तर नाही, फास्टॅग ही वेगळी जात, ती ८६५ मेगाहर्ट्झच्या वर काही मीटरवरून वाचते. हा १२५ किलोहर्ट्झवाला, पंच कार्डाचा सख्खा भाऊ. काही सेंटिमीटरच्या आत आला तरच वाचतो.

आणि इथे कमी रेंज हवीच असते. फीडरच्या आजूबाजूला थव्यातले दहा जण घुटमळत असतात, त्यातला दाण्याशी बसलेला कोण एवढंच आपल्याला हवंय. अँटेनाची तार बसायच्या काडीभोवतीच गुंडाळायची, म्हणजे पाय काडीवर टेकला की टॅग आपोआप तारेच्या पोटात. रीडर या तारेतून जे चुंबकीय फील्ड उभं करतो ते अंतराच्या घनाने उतरतं, अंतर दुप्पट झालं तर ताकद एक अष्टमांश, त्यामुळे शेजारच्या फांदीवरचा टॅग मध्ये बोलत नाही. बोलला असता तर पंचाईत होती, कारण या साध्या टॅगांना एकमेकांना थांबायला सांगण्याची काही सोय नसते, दोन टॅग एकाच वेळी फील्डमध्ये आले की दोघंही एकदम बडबडतात आणि रीडरला कोणाचंच काही कळत नाही. म्हणून काडी एकाच पाखराला पुरेल एवढी आखूड ठेवायची.

टॅग बोलतो म्हणजे काय करतो, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. रीडरच्या फील्डमधूनच तो वीज घेतो आणि स्वतःच्या गुंडाळीवरचा लोड कमी-जास्त करत राहतो, रीडरला त्याचा झटका स्वतःच्या तारेवर बारीकसा जाणवतो. ईएम४१०० जातीचा टॅग एकूण ६४ बिट पाठवतो, पहिले नऊ ‘एक’ म्हणजे ‘ऐका, मी सुरू करतोय’, मग ४० बिटांचा नंबर, आणि प्रत्येक चार बिटांमागे एक तपासणीचा बिट, शिवाय उभ्या रांगांचे चार तपासणीचे बिट वेगळे, शेवटी एक शून्य. म्हणजे आडवी बेरीज आणि उभी बेरीज दोन्ही जुळायला हवी, वाण्याच्या वहीसारखं. ४० बिटांत एक लाख दहा हजार कोटींच्या आसपास नंबर बसतात, तेव्हा दोन पाखरांना एक नंबर यायची काळजी नको. एका बिटाला फील्डच्या ६४ लाटा लागतात, सगळा हिशोब केला की एक पूर्ण नंबर यायला साधारण ३३ मिलिसेकंद. रीडर नेमका मधूनच ऐकायला लागला तर पुढचा फेरा येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे वाईटात वाईट ६५.

चिकडी काडीवर किती वेळ बसते? हे लोक चिमण्यांसारखं ठाण मांडून खात नाहीत. येतात, एक दाणा उचलतात, उडाले. सेकंद-दोन सेकंदांचा मामला. ६५ मिलिसेकंदाच्या मानाने ते भरपूर वाटतं, पण रीडर सतत ऐकत नसतो ना. फील्ड चालू ठेवणं हाच बॅटरीचा मुख्य खर्च, म्हणून रीडर झोपतो, जागा होतो, थोडं ऐकतो, पुन्हा झोपतो. बॅटरी वाचवायला झोप लांबवली की पाखरं निसटतात, झोप कमी केली की बर्फातून बॅटरी बदलायला जास्त फेऱ्या. कुठेतरी मधे सौदा करावाच लागतो आणि थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते.

हे रीडर आले कुठून, तर बाजारातून घेतलेले नाहीत. विकत मिळणारे रीडर महाग असायचे, आणि त्यांचं काम म्हणजे कुत्र्याच्या मानेतली चिप वाचा नाहीतर गोठ्यात गाय मोजा असलं, त्यांच्या आत काय चालतं हेही बदलता येत नसे. ओक्लाहोमा विद्यापीठातले एली ब्रिज आणि कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेतले डेव्हिड बॉन्टर यांनी २०११ मध्ये कमी खर्चात बनवता येईल असा रीडर पक्षी अभ्यासकांसाठी सगळ्या तपशिलासकट छापला. मधला जीव म्हणजे ईएम४०९५ ही चिप, ती फील्डही चालवते आणि टॅगची कुजबुजही ऐकते, बाकी एक मायक्रोकंट्रोलर (चिपएवढा छोटा संगणक), घड्याळ, मेमरी. पुढे २०१९ मध्ये ब्रिज यांच्याच गटाने हेच आर्डुइनो या तयार कंट्रोलर बोर्डांच्या पद्धतीवर आणलं. सॅजहेनच्या पेपरांमध्ये लेखकांच्या यादीत ब्रिज यांचं नाव असतं ते उगाच नाही.

मी हे एवढं छातीठोकपणे सांगतोय कारण त्यातला एक तुकडा मी घरी करून बघितलाय. पाखरू वगैरे काही नाही हां, फक्त सोसायटीच्या गेटची जुनी निळी चावी, तीही बहुतेक वेळा ईएम४१०० च असते. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून ३६ गेजची इनॅमल वायर आणली, एक इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर गुंडाळायला बसलो. हिशोब असा, की १.२ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर घेतला तर १२५ किलोहर्ट्झला सूर जुळायला तारेचं इंडक्टन्स (गुंडाळीची फील्ड साठवायची क्षमता) साधारण १.३५ मिलिहेन्री हवं, आणि एवढ्याशा तुकड्यावर त्याला २०० च्या आसपास वेढे लागतात. वेढे मोजताना १४० च्या पुढे कुरिअरवाल्याने बेल वाजवली आणि आकडा गेला. पुन्हा पहिल्यापासून. वेढे पाच टक्के कमी पडले तर इंडक्टन्स दहा टक्के उतरतं, कारण ते वेढ्यांच्या वर्गाच्या हिशोबाने चालतं, आणि सूर १२५ चा १३१ वर जातो. मग रेंज पाच सेंटिमीटरऐवजी दोन.

बरं, सगळं जुळलं. चावी पाच सेंटिमीटरवरून मस्त वाचत होती. मग जरा टापटीप दिसावं म्हणून मी ती अख्खी गुंडाळी अॅल्युमिनियमच्या पट्टीवर क्लॅम्पने घट्ट बसवली आणि चावी अगदी चिकटवली तरी वाचेना. अर्धा तास मी सोल्डरिंग तपासत बसलो. झालं होतं असं की क्लॅम्पचं धातूचं कडं गुंडाळीभोवती पूर्ण गोल होतं, ते स्वतःच एका वेढ्याची शॉर्ट झालेली तार बनलं आणि फील्ड खाऊन टाकलं. क्लॅम्पला एका बाजूने आरीने चीर मारली, गुंडाळी आणि पट्टीमध्ये लाकडाची चकती घातली, पुन्हा चार सेंटिमीटर आले. आता विचार करा, हे माझ्या टेबलावर होतं म्हणून अर्ध्या तासात कळलं. हेच झाडावर चार मीटर उंच, खाली बर्फ, आणि काडीचा स्क्रू कोणीतरी जरा जास्त पिळलेला असता, तर एक फीडर आठवडाभर बहिरा राहिला असता आणि नोंदीत दिसलं असतं की ‘या खिडकीवर पाखरं येत नाहीत’.

आणि हेही दिसलं, की चावी तारेच्या तोंडासमोर सपाट धरली तर वाचते, नव्वद अंशात उभी धरली तर चिकटवली तरी वाचत नाही, कारण फील्डच्या रेषा टॅगच्या गुंडाळीतून आरपार गेल्याच नाहीत तर वीज येणार कुठून. पाखरू पाय कसा ठेवेल हे आपल्या हातात नाही. कडी पायात फिरते, नळी कधी समोर कधी आडवी. म्हणून प्रत्येक बसण्याला रीडरने एकदाच ऐकून चालत नाही, पाच-सहा संधी मिळायला हव्यात.

आता सॅजहेनमध्ये या रीडरचं पुढे काय केलं ते. नुसती हजेरी घेतली नाही.

एक चौकोनी फ्रेम, बाजू साधारण १.२ मीटर, प्रत्येक बाजूला दोन असे आठ फीडर, सगळे दिसायला एकसारखे. अख्खी फ्रेम झाडांमध्ये चार मीटर उंचीवर टांगलेली, खाली अस्वलांचा वावर, तेव्हा दाणे भरायला दोरीने खाली घ्यायची आणि परत वर चढवायची. अशा दोन फ्रेमा वर, दोन खाली. प्रत्येक फीडरला स्वतःचा रीडर, काडीत अँटेना, आणि दाण्यासमोर मोटरवर सरकणारं छोटं दार. मी त्याला खिडकी म्हणतो.

सुरुवातीला सगळ्या खिडक्या उघड्या, दाणे दिसतायत, या खा. मग खिडक्या बंद, पण टॅगवालं कुठलंही पाखरू कुठल्याही काडीवर बसलं की ती उघडते, मोटरच्या आवाजाची आणि हलत्या दाराची सवय व्हावी म्हणून. हे अंगवळणी पडलं की खरी परीक्षा. प्रत्येक पाखराला आठांतली एकच खिडकी नेमून द्यायची. त्या काडीवर ते बसलं तर दार उघडणार. बाकी सात ठिकाणी रीडर नंबर वाचणार, नोंद करणार, आणि दार बंदच ठेवणार. वेगवेगळ्या पाखरांना वेगवेगळी खिडकी, त्यामुळे दुसऱ्याच्या मागे मागे जाऊन काही फायदा नाही, त्याचं दार माझ्यासाठी थोडंच उघडतंय. स्वतःची जागा स्वतःलाच लक्षात ठेवायची. चार दिवस हे चालतं.

मार्क कसे देणार? पाखरू आलं, स्वतःची खिडकी सापडेपर्यंत किती चुकीच्या खिडक्यांवर बसलं, तेवढ्या चुका. काहीच माहिती नसताना, गेलेल्या ठिकाणी परत न जाता कोणी अंदाजाने फिरलं तर सरासरी साडेतीन चुका होतील, शून्य ते सातचा मध्य. पहिल्या वीस फेऱ्यांची सरासरी काढायची. जो लवकर शिकला त्याचा आकडा साडेतीनवरून भराभर खाली.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी इंजिनिअरिंगची अक्कल त्या दारात आहे. नुसता रीडर सांगतो ‘अमुक पाखरू आलं’. ते चुकून आलं, मित्राबरोबर आलं, का माहीत होतं म्हणून आलं, काही कळत नाही. दार जोडल्यावर प्रत्येक भेटीला अर्थ आला, तिथे उत्तर बरोबर किंवा चूक असतं. शिवाय दाराला काहीच अवघड नाही, मोटर आणि दोन तारा, मेहनत सगळी त्याच्या आधीच्या ‘कोण आहे’मध्ये.

पण दार आलं आणि सुरुवातीला म्हटलं ती भानगडही आली. रीडर हुकला तर काय होतं हे दोन ठिकाणी दोन प्रकारे बघायला लागतं. चुकीच्या खिडकीवर पाखरू बसलं आणि रीडरने ऐकलं नाही, तर ती चूक नोंदलीच जात नाही, पाखरू आहे त्याहून हुशार दिसतं. बरोबर खिडकीवर बसलं आणि रीडरने ऐकलं नाही, तर दार उघडत नाही, बिचारं पाखरू म्हणतं काल तर इथेच मिळालं होतं, आणि दुसऱ्या खिडक्या ठोठावत फिरतं, त्या सगळ्या चुका त्याच्या खात्यावर. वरून त्याने जे बरोबर शिकलं होतं त्यावरचा विश्वासही उडाला. म्हणजे यंत्राने मोजमाप तर बिघडवलंच, शिवाय पाखराला चुकीचं शिकवलंसुद्धा.

आणि आता खरी खोच. वर थंडी जास्त. थंडीत बॅटरी उतरते, स्वस्त कॅपॅसिटर असला तर त्याची किंमत सरकते, सूर बिघडतो, रेंज घटते. समजा वरचे रीडर खालच्यांपेक्षा जास्त हुकले, आणि तेही बहुतेक चुकीच्या खिडक्यांवर. तर वरच्या पाखरांच्या चुका कमी नोंदल्या जातील आणि वरची पाखरं हुशार दिसतील, आणि नेमका तोच तर मूळ अंदाज होता! म्हणजे यंत्राच्या सर्दीमुळे थिअरी सिद्ध. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला हे पहिल्यांदा सुचतं, कारण आम्ही प्रत्येक आकड्याकडे संशयानेच बघतो.

याला उत्तर आहे, आणि ते प्रयोगाच्या रचनेतच आहे. एक म्हणजे तो मधला टप्पा, जिथे कुठलाही टॅग कुठलीही खिडकी उघडतो. नावाला तो सवयीसाठी, पण रीडरवाल्याच्या नजरेने ती मोफत मिळालेली चाचणी आहे. एखादी खिडकी बहिरी असेल तर तिच्या नोंदी बाकी सातांच्या मानाने एकदम कमी येतील, एखादा टॅग नीट वाचला जात नसेल तर ते पाखरू सगळीकडेच कमी दिसेल. परीक्षेआधीच दोन्ही सापडतात. दुसरं, जास्त पक्कं उत्तर म्हणजे तुलना वर आणि खाली अशी करायचीच नाही, एकाच फ्रेमवर, त्याच रीडरसमोर परीक्षा दिलेल्या पाखरांची आपापसात करायची. रीडर हुकत असला तर सगळ्यांसाठी सारखाच हुकेल.

नेमकी तशी तुलना त्यांनी केली. वर-खालीचा फरक २०१६ मध्ये आला, वरची पाखरं सरस. पण मला जास्त भरवशाचा वाटतो तो २०१९ चा निकाल, बेंजामिन सॉनेनबर्ग पहिले लेखक. वरच्या वस्तीतल्या पहिल्याच हिवाळ्यातल्या पोरसवदा पाखरांमध्ये, ज्यांनी परीक्षेत कमी चुका केल्या ती पुढच्या वर्षी जिवंत सापडायची शक्यता जास्त. कॅरी ब्रांच यांनी त्याच वर्षी दाखवलं की नराची स्मरणशक्ती चांगली असेल तर मादी जास्त अंडी घालते. आणि २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला निकाल, २२७ पाखरं, अनेक वर्षांच्या नोंदी, परीक्षेत पुढे असलेली पाखरं जास्त वर्षं जगली. पाखरू जिवंत आहे का हेसुद्धा पुन्हा त्याच टॅगने कळतं, पुढच्या वर्षी फीडरवर नंबर आला की आहे.

मधे एक मुद्दा घड्याळाचा राहिला, लोक त्याला फार हलक्यात घेतात. आठ फीडर, आठ बोर्ड, प्रत्येकाचं स्वतःचं घड्याळ. घड्याळातला साधा क्रिस्टल २० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत वीस, चुकतो, दिवसाला पावणेदोन सेकंद. एक बोर्ड पुढे, एक मागे गेला तर दहा दिवसांत अर्ध्या मिनिटाचं अंतर पडतं. चिकडी एका काडीवरून दुसऱ्या काडीवर दोन-तीन सेकंदांत जाते. मग आठ कार्डांतल्या नोंदी एकत्र केल्या की बरोबर खिडकी आधी आणि चुकीची नंतर असं उलटंपालटं दिसणार, आणि सगळे मार्क तर क्रमावर आहेत. डीएस३२३१ सारखी तापमान सांभाळून घेणारी घड्याळाची चिप घातली की हा त्रास दहावा हिस्सा होतो, आणि दर फेरीला सगळ्या बोर्डांची वेळ मिळवायची शिस्त हवी. चिप स्वस्त असते, शिस्तच महाग पडते.

भेट कशाला म्हणायचं हेही आधी ठरवावं लागतं. काडीवर दोन सेकंद बसलेल्या पाखराच्या दहा ओळी येतात. त्या एक भेट धरायच्या हे उघड आहे, पण पाय हलवून मधे अर्धा सेकंद टॅग निसटला तर? चिकडीच्या बाबतीत ते सोपं जातं कारण दाणा घेऊन ती उडूनच जाते. हमिंगबर्डचं तसं नाही, ते एकाच फीडरवर चोच घालतं, काढतं, घालतं. कॅलिफोर्नियातच, डेव्हिसच्या विद्यापीठाच्या गटाने २३० हमिंगबर्डना टॅग लावून असाच अभ्यास २०१८ मध्ये छापला, पाय इवलासा म्हणून तिथे टॅग कातडीखाली घालावा लागला. त्या पेपरची पहिली लेखिका बांदिवडेकर आहे, आडनाव वाचून कोणाही मालवणी माणसाचे कान टवकारतील. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात ग्रेट टिट नावाच्या, चिकडीच्याच कुळातल्या पाखरांना सरकत्या दाराचं कोडं घालून एक पद्धत अख्ख्या वस्तीत कशी पसरते हे ल्युसी ॲप्लिन यांनी २०१५ मध्ये दाखवलं, तिथेही पायात हाच टॅग. पण तिथे पाखरू दार स्वतः चोचीने सरकवतं, रीडर बघ्याच्या भूमिकेत. सॅजहेनमध्ये रीडर दारवान आहे, म्हणून त्याची जबाबदारी जास्त.

इथे वाचून कोणाला गॅलरीत वल्गुलीसाठी असं काही करावंसं वाटलं तर फीडर, दार, रीडर खुशाल बनवा, सोसायटीच्या चावीवर तपासा, पण पक्षी पकडून टॅग बांधायला जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याला वनखात्याची परवानगी लागते, आणि पायात कडी घालणं हे शिकून करायचं काम आहे, आपल्याकडे बीएनएचएसची (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) माणसं ते वर्षानुवर्षं करतायत.

परत सॅजहेनला येतो, एक गोष्ट सांगायची राहिलीय. पहिली परीक्षा संपली की लगेच दुसरी असायची, खिडकी बदलायची. कालपर्यंत तिसरी उघडत होती, आजपासून सातवी. २०१७ मध्ये त्यांनी छापलं की इथे वरची पाखरं मागे पडली, म्हणजे जी थंडीत पक्कं लक्षात ठेवतात त्यांनाच जुनं सोडून नवं धरणं जड गेलं. मी लगेच संशयाने बघितलं, वरचे रीडर हुकले असतील का? पण नाही, या चुका म्हणजे काय आहे बघा ना. पाखरू जुन्याच खिडकीवर येऊन बसतंय, आणि त्या खिडकीच्या नोंदीत त्याचा नंबर आहे, वेळ आहे, आडव्या-उभ्या दोन्ही बेरजा जुळल्यात. रीडर जागा होता, त्याने ओळखलं होतं, आणि तरी दार उघडलं नाही, कारण ते उघडायचंच नव्हतं. हुकलेला रीडर अशी ओळ लिहूच शकत नाही. पाखरू मात्र आपलं त्याच बंद दाराशी, पुन्हा आलं, पुन्हा नोंद.